डीजेचा धंदा करायचाय? सुपारी कुठं मिळते, कशी टिकते आणि कुठं अडकते : जुन्नर-आंबेगावच्या पोरांसाठी सविस्तर माहिती

नारायणगाव, प्रतिनिधी :

टोमॅटोला दोन पैसे बरे मिळाले, कांदा चांगल्या भावात गेला, की आपल्याकडं घराघरांत एक विषय हमखास निघतो. पोरगं म्हणतं, "डीजे घेऊ." बाप म्हणतो, "ट्रॅक्टरचा हप्ता फिटू दे." शेवटी पोराचं ऐकलं जातं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात आज कुठल्याही मोठ्या गावात चक्कर मारा, एखाद्या तरी अंगणात ताडपत्रीखाली बेसची खोकी झाकलेली दिसतील. काही खोकी सिझनभर फिरतात. काही मात्र वर्षातले दहा महिने तिथंच असतात आणि बँकेचा हप्ता चालू असतो.

माझ्या चुलतभावाच्या पोरानं असंच केलं. थोडे पिकाचे पैसे, थोडं कर्ज. पहिल्या वर्षी ऑर्डरी बऱ्या मिळाल्या, पण पाच जणांनी उरलेले पैसे दिलेच नाहीत. एका यात्रेत रात्री दहा वाजून गेले तरी पोरं आवाज बंद करू देईनात. पोलीस आले, मिक्सर आणि अॅम्प्लिफायर घेऊन गेले. ज्या कमिटीनं बोलावलं होतं तिच्यातला एकही माणूस ठाण्यात आला नाही. त्या रात्री पुतण्या आणि मी ठाण्याच्या ओट्यावर बसलो होतो. तो एकच वाक्य बोलला, "तात्या, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही."

म्हणून हा लेख. धंदा करू नका असं सांगायचं नाही. करायचाच असेल तर काय माहीत हवं, ते एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू : मालक वेगळा, ऑपरेटर वेगळा

शहरात डीजे म्हणजे गाणी मिसळणारा माणूस. आपल्याकडं डीजे म्हणजे आख्खी गाडी. टॉप, बेस, अॅम्प्लिफायर, मिक्सर, जनरेटर, लाईट, सगळं मिळून. गाणी लावणाऱ्याला आपण ऑपरेटर म्हणतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही कामांना लागणारं भांडवल वेगळं आहे. गाडी घ्यायला लाखो रुपये लागतात. ऑपरेटर व्हायला एक लॅपटॉप, एक छोटा कंट्रोलर, हेडफोन आणि दोन-तीन वर्षांचा सराव लागतो. ज्याला गाण्याची आवड आहे, गर्दी ओळखता येते, त्यानं आधी दुसऱ्याच्या गाडीवर ऑपरेटर म्हणून दोन सिझन काढावेत. धंद्याची सगळी अंडीपिल्ली तिथं कळतात. मग गाडी घ्यायची का नाही ते ठरवावं. बहुतेक जण उलटं करतात. आधी गाडी घेतात आणि मग ऑपरेटर शोधत फिरतात.

नारायणगावच्या राहुट्यांकडून शिका

सुपारी कशी घ्यायची हे शिकायला कुठं लांब जायची गरज नाही. आपल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

दरवर्षी यात्रांचा हंगाम जवळ आला की राज्यातले मोठे फड नारायणगावात आपापल्या राहुट्या टाकतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक. आत एक मॅनेजर, तारखांची वही आणि कागद. पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतल्या गावांच्या यात्रा कमिट्या इथं येतात. या राहुटीतून त्या राहुटीत जातात, दर विचारतात, चहा पितात, घासाघीस करतात. जमलं की तारीख पक्की, विसार दिला, सुपारी झाली. गुढीपाडव्याला सगळ्यात जास्त वर्दळ असते.

यातून डीजेवाल्यांनी चार गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

पहिली, सगळे स्पर्धक एकाच ठिकाणी शेजारी शेजारी बसतात. वरवर वाटतं की यात नुकसान आहे. पण गिऱ्हाईक तिथंच येतं, कारण सगळे तिथंच आहेत. नारायणगावचा टोमॅटो बाजार चालतो त्याच कारणानं.

दुसरी, दर तारखेवर ठरतो. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, एकाच दिवशी कितीतरी गावांच्या यात्रा असतात. त्या तारखेचा दर आणि आडदिवसाचा दर एक नसतो. आपले डीजेवाले मात्र वर्षभर एकच दर सांगतात. मोक्याच्या दिवशी स्वस्तात जातात आणि रिकाम्या दिवशी घरी बसतात.

तिसरी, तोंडी व्यवहार नाही. वहीत नोंद, कागदावर सही, हातात विसार.

चौथी गोष्ट कडू आहे. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. राहुट्या लागलेल्या, कलाकारांना उचल दिलेली, आणि आख्खा हंगाम एका दिवसात गेला. पुढचं २०२१ सालही तसंच. सगळं उत्पन्न दोन-अडीच महिन्यांवर अवलंबून असलं की काय होतं, ते फडमालकांनी भोगलंय. डीजेचा धंदा याच जातीचा आहे.

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

शेतकऱ्याला पिकाचं कॅलेंडर पाठ असतं. तसंच सुपारीचंही पाहिजे.

- कार्तिक : तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. हळद आणि वरातीच्या ऑर्डरी.
- डिसेंबरचा मध्य ते संक्रांत : धनुर्मास, लग्नं जवळपास बंद. दुरुस्तीचा काळ.
- पौष पौर्णिमा : आंबेगाव तालुक्यातल्या नागापूरच्या थापलिंग खंडोबाची यात्रा.
- माघ : गणेश जयंती. ओझर आणि लेण्याद्री दोन्ही अष्टविनायक आपल्याच तालुक्यात. महाशिवरात्रीला भीमाशंकर.
- १९ फेब्रुवारी : शिवजयंती. शिवनेरी आपल्याकडं, त्यामुळं गावोगावची मंडळं ज्योत न्यायला येतात.
- चैत्र-वैशाख : गावोगावच्या यात्रा, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि लग्नं. सगळं एकदम. वर्षाची निम्मी कमाई इथं.
- जूनच्या मध्यापासून श्रावणापर्यंत : कोरडा काळ.
- त्यानंतर दहीहंडी, गणपती, भाद्रपदातला पोळा, नवरात्र.

कोरड्या काळात हप्ता थांबत नाही. तो कुठून भरायचा, हे गाडी घ्यायच्या आधी ठरवायचं.

हप्त्याचा हिशोब : कागदावर मांडून बघा

उदाहरण म्हणून धरा. ५ लाख कर्ज, वर्षाला १२ टक्के व्याज, ३ वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १६ हजार ६०० रुपये. वर्षाचे जवळजवळ २ लाख. आता एका ऑर्डरीतून डिझेल, पोरांची मजुरी, जेवण, गाडीभाडं जाऊन हातात ६ हजार राहिले असं समजा. तर वर्षाला ३३-३४ ऑर्डरी फक्त हप्त्यासाठी वाजवायच्या. घरात पैसा ३५ व्या ऑर्डरीपासून येणार. त्यातही जळालेला अॅम्प्लिफायर आणि फाटलेला बेस धरलेला नाही.

तुमच्या पंचक्रोशीत तेवढ्या ऑर्डरी आहेत का? आधीच किती गाड्या आहेत? हे मोजल्याशिवाय सही करू नका. कर्ज घ्यायचंच असेल तर सावकाराकडं न जाता बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. कामगार थोडेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाईन माहिती कळवायची असते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा व्यवसायाला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

आणखी एक. "त्याच्याकडं चार बेस आहेत, मी आठ घेतो" ही चढाओढ पोरांना खड्ड्यात घालते. आवाजाचं गणित असं आहे की ताकद दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्याला दहापट ताकद लागते. म्हणजे खोकी दुप्पट केली, खर्च दुप्पट झाला, पण ऐकणाऱ्याला फरक थोडाच जाणवतो. तेच पैसे चांगल्या वायरिंगला, चांगल्या माईकला आणि नीट जुळणीला घातले तर लोक म्हणतात, "याचा आवाज साफ आहे." पुढची ऑर्डर त्यावर मिळते.

सुपारी कुठं मिळते

मोबाईलवर रील टाकून नाव होतं, पण गावाकडची ऑर्डर अजूनही माणसाकडून माणसाकडं जाते. खाली दिलेल्या जागा आमच्या भागात खरोखर चालतात.

*मांडववाले, आचारी, फोटोवाले, मंगल कार्यालयाचे मॅनेजर.* लग्न ठरलं की यजमान आधी यांच्याकडं जातो. यांच्याशी गोड राहा. त्यांनी एक ऑर्डर दिली तर तुम्हीही त्यांना एक गिऱ्हाईक द्या. कमिशन द्यायचं असेल तर आधी ठरवून द्या, नंतर वाद नको.

*यात्रा कमिट्या.* कमिटीची बैठक यात्रेच्या महिना-दीड महिना आधी होते. त्या बैठकीच्या आधी जाऊन भेटा. यात्रेच्या आठवड्यात गेलात तर उरलंसुरलं मिळेल.

*बैलगाडा घाट.* ही जागा पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हापासून घाट पुन्हा भरतात. घाटात बेस लागत नाही. निवेदकाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ गेला पाहिजे. कोणाची बारी, किती सेकंद, फळीफोड कोण, घाटाचा राजा कोण, हे ऐकायला माणूस उन्हात उभा असतो. कर्णे, दोन चांगले माईक आणि न अडखळणारा जनरेटर, एवढ्यावर काम होतं. शिवाय दिवसाचं काम, रात्री दहाची भानगड नाही.

*अखंड हरिनाम सप्ताह.* सात-आठ दिवसांचं सलग काम. इथं कीर्तनकाराचा शब्द, मृदंग आणि टाळ यांचा मेळ बसवता आला पाहिजे. ज्याला हे जमलं त्याला गाव दरवर्षी बोलावतं. दर कमी असतो, पण पैसे बुडत नाहीत.

*दशक्रिया विधी.* लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. आपल्या भागात दशक्रियेला नदीकाठी प्रवचन असतं, श्रद्धांजलीची भाषणं असतात, हजार-दोन हजार लोक जमतात. सकाळी लवकर जाऊन छोटा सेट लावायचा, अकरापर्यंत मोकळं. याला सिझन नाही, पावसाळ्यातही काम असतं. इथं एकच नियम, माईक शिट्टी मारता कामा नये आणि तुमच्या पोरांनी मोठ्यानं बोलता कामा नये.

माझा पुतण्या आज याच छोट्या सेटवर हप्ता भरतो. डीजे फक्त लग्नसराईत आणि यात्रेत बाहेर काढतो.

सुपारीचा कागद : एवढं तरी लिहून घ्या

साधा कागद चालेल, पण दोघांच्या सह्या हव्यात. मोबाईलवर त्याचा फोटो काढून यजमानाला पाठवा. त्यात हे असू द्या :

१. तारीख, जागा, पोचायची वेळ, सुरू करायची वेळ आणि बंद करायची वेळ.
२. साहित्य काय काय आणणार, नग किती.
३. एकूण रक्कम, विसार किती, बाकी कधी. बाकी काम सुरू व्हायच्या आधी घेण्याची पद्धत पाडा. वरात संपल्यावर कुणाचा खिसा सापडत नाही.
४. पोलीस परवानगी कोण काढणार. परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय गाडी लावणार नाही, हे लिहा.
५. रात्री दहाला आवाज बंद. बंद करताना कुणी अडवलं तर जबाबदारी आयोजकाची.
६. पाऊस, मयत, आचारसंहिता यामुळं कार्यक्रम रद्द झाला तर विसाराचं काय.
७. नाचणाऱ्यांनी साहित्य फोडलं तर भरपाई कोण देणार.
८. आयोजकांतर्फे एक जबाबदार माणूस, नाव आणि नंबरसह.

आठवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पुतण्याच्या कागदावर हा माणूस असता, तर त्या रात्री ठाण्याच्या ओट्यावर आम्ही दोघंच बसलो नसतो.

कायदा काय म्हणतो

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. त्यातलं तुमच्या कामाचं असं :

- लाऊडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. अर्ज आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात करायचा. जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव, पारगाव, जे असेल ते.
- रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते, हे दरवर्षी ठाण्यात विचारून घ्या. मागच्या वर्षीची यादी या वर्षी चालत नाही.
- निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत दिवसा ६५ आणि रात्री ५५ अशी मर्यादा आहे.
- सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे गावठाणात ६५.
- दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो. तिथं दिवसा ५०, रात्री ४०.

हे वाचून कोणी म्हणेल, मग डीजे वाजवायचाच कसा? प्रश्न बरोबर आहे. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. मोठी भिंत लावून नियमात बसणं शक्य नाही, हे धंद्यात उतरायच्या आधीच समजून घ्या. कारवाई होते तेव्हा साहित्य तुमचं जप्त होतं, कमिटीचं नाही.

मार्ग मात्र आहेत. उघड्या जागेवर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल कमी होतो. म्हणून खोक्यांची तोंडं घरांकडं न करता मोकळ्या रानाकडं किंवा नाचणाऱ्यांकडं ठेवा. एका जागी भिंत रचण्याऐवजी छोटे स्पीकर गर्दीच्या जवळ चार जागी लावा. नाचणाऱ्याला भरपूर ऐकू येतं, शेजारच्या आळीला त्रास कमी होतो. मोबाईलवरचं डेसिबल मोजायचं अॅप अंदाजे आकडा सांगतं. पुराव्याला चालत नाही, पण स्वतःला समजायला पुरतं.

गाडीबद्दलही एक सांगतो. टेम्पोची रुंदी-उंची वाढवून वर सांगाडा ठोकणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हेच आधी बघते.

गाण्यांचे हक्क

लग्नात गाणी वाजवली म्हणून कोणी लायसन्सचे पैसे मागितले तर घाबरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे आणि वरात व लग्नाशी जोडलेले इतर समारंभ त्यात स्पष्ट धरलेले आहेत. पण तिकीट लावून केलेला कार्यक्रम, हॉटेलातली पार्टी, कंपनीचा सोहळा याला परवाना लागतो. तो आयोजकानं काढायचा, हे कागदात लिहा.

स्वतः रिमिक्स करून यूट्यूबवर टाकणाऱ्या पोरांची आपल्याकडं कमी नाही. मूळ गाणं कंपनीचं असेल तर स्ट्राइक येऊन चॅनल बंद पडू शकतो. त्यापेक्षा गावातल्या हलगीवाल्याला, सनईवाल्याला, संबळ वाजवणाऱ्याला बोलवा. त्याचा ताल रेकॉर्ड करा, त्याला पैसे द्या, त्याचं नाव टाका आणि त्यावर आपलं संगीत बांधा. असा आवाज पुण्या-मुंबईच्या ऑपरेटरकडं नसतो. डीजे आला आणि या लोकांची कामं गेली, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. थोडी परतफेड होईल आणि तुमचीही वेगळी ओळख होईल.

जीव आधी, सुपारी नंतर

- वरातीचा रस्ता दिवसा चालून बघा. गाडीची उंची मोजा आणि वरून कुठं विजेच्या तारा आडव्या जातात ते पाहून ठेवा. काठीनं तार उचलून गाडी पुढं काढणं म्हणजे मरण आहे.
- खांबावर आकडा टाकू नका. जनरेटरला अर्थिंग करा. ओल्या जमिनीवर उघडे जोड नकोत.
- जनरेटर बंद खोलीत किंवा गाडीच्या बंद हौद्यात चालवू नका. धुरातला विषारी वायू वासानं कळत नाही.
- लेझर लाईट माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर फिरवू नका. नजर कायमची जाऊ शकते.
- कानात बोळे घाला. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं असं तज्ज्ञ मानतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बेसला पाठ लावून चार तास उभं राहणाऱ्या पोराचं काय होत असेल, हिशोब करा. पुतण्याच्या डाव्या कानात आता रात्री शिट्टी वाजते. वय सव्वीस.
- म्हातारी माणसं, बाळंतीण, हृदयाचा रुग्ण असलेल्या घरासमोर गाडी थांबवू नका. कोणी सांगायला आलं तर वाद न घालता आवाज कमी करा.
- रात्री परतताना साहित्य भरायला उसाच्या कडेला थांबू नका. आपला भाग बिबट्याचा आहे. उजेडात, दोघा-तिघांनी मिळून काम करा. एकट्या पोराला गाडीजवळ सोडू नका.
- ऑपरेटर आणि ड्रायव्हर दोघंही कोरडे पाहिजेत. यजमान आग्रह करतो, तरी नाही म्हणा.

एकट्यानं नाही, गटानं

आज परिस्थिती अशी आहे की एका गावात चार डीजे असले तर चौघं एकमेकांचे दर पाडतात. गिऱ्हाईक चौघांना खेळवतं. शेवटी एक जण तोट्यात ऑर्डर घेतो आणि बाकीचे तिघं घरी बसतात.

यावर उपाय अवघड नाही. दहा-बारा गावांतल्या डीजे, बेंजो, बँड, साऊंड आणि लाईटवाल्यांनी एक गट करावा. सुरुवातीला एवढंच ठरवा :

- ठरलेल्या दराच्या खाली कोणी जाणार नाही.
- ज्यानं पैसे बुडवले त्याची बाकी फिटेपर्यंत दुसऱ्यानं त्याची ऑर्डर घ्यायची नाही.
- ऐनवेळी कोणाचा अॅम्प्लिफायर जळाला तर जवळच्यानं आपला द्यायचा, भाडं आधीच ठरलेलं.
- रात्री दहाला सगळ्यांनी बंद. एकानं वाजवलं की उद्या दुसऱ्याला ऐकावं लागतं, "त्यानं कसं वाजवलं?"
- दोन ऑर्डरी एकाच दिवशी आल्या तर एक गटातल्याच माणसाला द्यायची.

आणि तमाशाच्या फडांसारखं वर्षातून एकदा, तुळशीच्या लग्नाआधी, एका मोकळ्या मैदानावर सगळ्यांनी आपापले सेट मांडावेत. दिवसा, परवानगी घेऊन, बेताच्या आवाजात. यात्रा कमिट्या, मंडळं, मांडववाले, कार्यालयवाले यांना बोलवावं. त्यांनी ऐकावं, बघावं, तारीख पक्की करावी. नवीन ऑपरेटर पोरांना तिथं अर्धा-अर्धा तास वाजवायला द्यावा. गावच्या हलगी-सनईवाल्यांनाही एक कोपरा द्यावा. तालुक्याची संगीताची पेठ अशीच तयार होईल. नारायणगावात हे तमाशासाठी झालं, साऊंडसाठी का होऊ नये?

गटाचा फायदा पोलीस ठाण्यातही होतो. एकटा पोरगा गेला तर आरोपी म्हणून उभा राहतो. गट सिझनच्या आधी जाऊन बसला, सुटीचे दिवस आणि नियम विचारून घेतले, तर बोलणं बरोबरीनं होतं. आणि गावसभेत डीजेबंदीचा विषय निघाला तर तुमची बाजू मांडायला, आम्ही दहाला बंद करतो म्हणून सांगायला, कोणीतरी असतं.

निघायच्या आधी एकदा वाचा

परवान्याची प्रत घेतली का? सुपारीचा कागद आणि विसार आला का? रस्त्यावरच्या तारा बघितल्या का? जनरेटरचं डिझेल, जादा फ्यूज, जादा माईक, ताडपत्री घेतली का? आयोजकाच्या जबाबदार माणसाला सकाळी फोन केला का? कानातले बोळे खिशात आहेत का?

सगळ्याला हो असेल तर गाडी काढा. एकालाही नाही असेल तर आधी ते करा. ऑर्डर उद्याही मिळेल.

पुतण्याचं कर्ज अजून चौदा हप्ते बाकी आहे. यंदा पाडव्यानंतरच्या त्याच्या सगळ्या ऑर्डरी कागदावर आहेत आणि प्रत्येक कागदावर आठवा मुद्दा आहे. मागच्या आठवड्यात एका कमिटीनं सही करायला नकार दिला. त्यानं विसार परत केला आणि घरी आला. त्याच्या बापाला वाटलं पोरगं वाया गेलं. मला वाटलं, आता हा धंद्याला लागला.

(ही माहिती आपल्या गावातल्या डीजे, बेंजो, साऊंडवाल्या पोरांना आणि यात्रा कमिटीच्या ग्रुपवर जरूर पाठवा.)